नळाच्या पाण्याची तपासणी: नमुना, नोंदवही आणि प्रत्यक्ष पाहणी

दुकानात विकले जाणारे बाटलीबंद पाणी हा भारतीय कायद्याच्या दृष्टीने अन्नपदार्थ आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधील अन्नाच्या व्याख्येत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. परवान्याशिवाय त्याचे उत्पादन करता येत नाही आणि उत्पादकाच्या आवारात जाऊन पाहणी करण्याचा अधिकार शासकीय निरीक्षकाला आहे. घरातील नळाला येणाऱ्या पाण्याला मात्र अशा प्रकारचा कोणताही देशव्यापी कायदा लागू नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १०५००’ हे मानक आहे. ते १९८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि १९९१ व २०१२ मध्ये सुधारण्यात आले. परंतु महानगरपालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीने या मानकानुसारच पाणी पुरवावे, अन्यथा शिक्षेस पात्र व्हावे, असे बंधन नाही. देशातील बहुसंख्य लोक जे पाणी पितात ते ऐच्छिक मानकाच्या आधारावर आणि जे पाणी तुलनेने थोडे लोक विकत घेऊन पितात ते कायद्याच्या आधारावर, अशी ही काहीशी उलटी रचना आहे.

बाटलीबंद पाण्यावरील नियंत्रणही एका दिवसात आलेले नाही. २००१ पासून या पाण्यावर मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाटल्यांमध्ये कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. त्यावर देशभर चर्चा झाली आणि नियम अधिक कडक करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची सक्ती काढून टाकण्यात आली, तरी त्यानंतर लगेचच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याचा समावेश अतिजोखमीच्या अन्नपदार्थांमध्ये केला. त्यामुळे परवान्यापूर्वी पाहणी आणि वर्षातून एकदा त्रयस्थ संस्थेकडून लेखापरीक्षण होणे आवश्यक ठरले. नळाच्या पाण्याच्या बाबतीत देशपातळीवर या तोडीची सक्ती शोधूनही सापडत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये या उणिवेची जाहीर चर्चा झाली. तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांमधील नळाच्या पाण्याच्या नमुन्यांचे निष्कर्ष जाहीर केले. मुंबईतील सर्व नमुने मानकानुसार योग्य ठरले आणि दिल्लीतून घेतलेले अकराच्या अकरा नमुने अयोग्य ठरले. कोलकाता आणि चेन्नई या शहरांचीही स्थिती समाधानकारक नव्हती. दिल्ली सरकारने हे निष्कर्ष फेटाळले आणि वादाला राजकीय रंग चढला. दहा-बारा नमुन्यांवरून एवढ्या मोठ्या शहराविषयी मत बनवावे का, हा आक्षेप अगदीच गैरवाजवी नव्हता. मात्र त्या वादात एक गोष्ट मागे पडली. नमुने अयोग्य ठरल्यानंतर पुढे काय करावयाचे, कोणी कोणाला आदेश द्यावयाचा आणि तो न पाळल्यास काय, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते.

जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणीपुरवठा हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तो ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडे सोपविण्याच्या विषयांच्या यादीत घालण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळे स्थापन झाली. पण त्यांचे काम मुख्यतः नदी-नाल्यांचे आणि त्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचे आहे. धरणातील पाणी एकाच्या देखरेखीखाली, शुद्धीकरण दुसऱ्याकडे, गटारे तिसऱ्याकडे आणि रुग्णांची नोंद चौथ्याकडे, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी दिसते. पाणी पुरवणारी संस्था बहुधा स्वतःच नमुने घेते, स्वतःच तपासते आणि स्वतःच योग्य असल्याचे कळविते. तिच्यावर देखरेख ठेवणारी आरोग्य यंत्रणाही अनेकदा त्याच महापालिकेचा एक विभाग असते.

नमुन्याची मर्यादा

पाणी तपासणे म्हणजे बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जीवाणू तपासणीसाठी मानकाचा नियम साधा आहे: १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा जीवाणू आढळता कामा नये. हा जीवाणू माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. त्यामुळे तो पाण्यात सापडणे म्हणजे मैलापाण्याशी संपर्क आल्याची खूण होय. मात्र चाचणी पूर्ण होण्यास किमान एक दिवस लागतो, तोपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते.

भारतीय शहरांत आणखी एक अडचण आहे. बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येते, कित्येक गावांत एक दिवसाआड किंवा त्याहूनही उशिराने येते. पुरवठा चालू असताना नळवाहिनीत दाब असतो आणि गळतीच्या जागेतून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होऊ लागते, आतील दाब घटतो आणि त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. वाहिनी गटाराजवळून जात असेल, आणि जुन्या वस्त्यांत ती बहुधा तशीच जाते, तर आत काय येते हे सांगण्याची गरज नाही. पुन्हा पुरवठा सुरू झाला की पहिल्या काही मिनिटांत ही घाण नळांना येते, नंतर पाणी स्वच्छ दिसू लागते. सकाळी दहा वाजता, नळ थोडा वेळ वाहू देऊन घेतलेल्या नमुन्यात पहाटे साडेपाचच्या पाण्याचा मागमूसही नसतो. गृहिणी पहिल्या पाण्याने अंगण धुतात आणि मगच हंडा लावतात. त्यामागे पुस्तकी नसले तरी पक्के ज्ञान आहे.

शिवाय नमुना निर्दोष असूनही पाणी घातक असू शकते. याचे देशाच्या इतिहासातील एक मोठे उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेने वझिराबाद येथे आपला प्रवाह बदलला. नजफगढ नाल्याचे सांडपाणी एरवी उपसा केंद्राच्या खालच्या बाजूला नदीला मिळत असे. ते उलट चढून थेट उपसा होणाऱ्या जागेपर्यंत पोहोचले. केंद्रावरील कर्मचाऱ्यांच्या लक्षात पाण्याचा फरक आला आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. त्यामुळे विषमज्वर वा आमांशाच्या रुग्णांत वाढ झाली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत शहरात काविळीची लाट आली आणि अंदाजे २९ हजार ३०० जणांना तिची बाधा झाली. क्लोरीनने जीवाणू मेले, गढूळ पाण्यातील विषाणू मात्र वाचले. तो विषाणू कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. जतन करून ठेवलेल्या त्या साथीतील रक्तनमुन्यांचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी केला. ही कावीळ त्या वेळी ज्ञात असलेल्या ‘अ’ आणि ‘ब’ प्रकारांहून वेगळी असल्याचे त्यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. आज तिला हेपॅटायटिस ई असे म्हणतात.

या घटनेतील लक्षणीय भाग असा की दोष प्रयोगशाळेत दिसणारा नव्हता, नदीकाठी उभे राहिल्यावर दिसणारा होता. नाला कोठे मिळतो आणि पाणी कोठून उचलले जाते, हे पाहण्यास सूक्ष्मदर्शकाची आवश्यकता नसते. तरीही साठ वर्षांनंतर सिमल्यात जवळपास तेच घडले. २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या आरंभी तेथे काविळीची मोठी साथ आली. शहराला पाणी देणाऱ्या अश्वनी खड्ड या ओढ्याच्या वरच्या बाजूला मल्याणा येथील मैलापाणी शुद्धीकरण केंद्र होते. तेथील अपुऱ्या शुद्ध झालेल्या पाण्याने ओढा दूषित झाला होता. जानेवारी २०१६ मध्ये अश्वनी खड्डचा पुरवठा बंद करण्यात आला आणि उच्च न्यायालयानेही प्रकरणाची दखल घेतली. एका केंद्रातून सांडपाणी सोडायचे आणि त्याच ओढ्यातून खाली पिण्यासाठी पाणी उचलायचे, ही रचना कोणाच्याही नजरेआड नव्हती.

पायी केलेली तपासणी

म्हणूनच सार्वजनिक आरोग्यशास्त्रात नमुना तपासणीच्या जोडीला ‘स्वच्छता सर्वेक्षण’ ही दुसरी पद्धत सांगितली आहे. उद्गमापासून नळापर्यंतच्या संपूर्ण मार्गाची प्रत्यक्ष पाहणी करून पाणी कोठे कोठे दूषित होऊ शकते याची नोंद करणे, असे तिचे स्वरूप आहे. पाणी आज दूषित आहे का, हे नमुना सांगतो. ते उद्या दूषित होईल का, हे सर्वेक्षण सांगते.

प्रारंभ उद्गमापासून होतो. विहिरीला कठडा आहे का, भोवतालचा ओटा फुटलेला आहे का, सांडलेले पाणी आत झिरपते का, पंधरा मीटरच्या आत शौचालय, उकिरडा वा गोठा आहे का, हे पाहिले जाते. हातपंप असेल तर त्याचा पाया हलतो का, हेही पाहावे लागते, कारण हलणाऱ्या पायाच्या फटीतून वरचे पाणी थेट खाली जाते. धरण वा नदी असेल तर उपशाच्या वरच्या अंगाला कोणती गावे, कोणते कारखाने, कोणते नाले आहेत याचा आढावा घेतला जातो.

शुद्धीकरण केंद्रात निरीक्षकाने काय पाहावे, याचे अनुभवी अभियंते एकच उत्तर देतात: आधी गढूळपणा पाहा. मानकानुसार पाण्याचा गढूळपणा एका एककापर्यंत असावा आणि दुसरा उद्गम नसेल तर फार तर पाच एकके चालू शकतात. मातीच्या कणांच्या आड जीवाणू आणि विषाणू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तुरटीची मात्रा पावसाळ्यात रोजच्या रोज बदलली जाते का, वाळूचे गाळे वेळेवर धुतले जातात का, हे प्रश्न क्लोरीनच्या प्रश्नाआधी येतात. त्यानंतर क्लोरीन. निर्जंतुकीकरणासाठी पाण्याशी त्याचा किमान अर्धा तास संपर्क व्हावा लागतो आणि नळाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. ही शिल्लक म्हणजे वाटेत शिरणाऱ्या घाणीविरुद्धची राखीव शिबंदी. ती शून्यावर आली असेल तर वाटेत काहीतरी तिने खर्चून टाकले, एवढे नक्की.

त्यापुढे जलकुंभ. झाकण बसते का, हवेच्या नळ्यांना जाळी आहे का, कुंभ शेवटचा केव्हा धुतला याची तारीख रंगविलेली आहे का, हे पाहावयाचे असते. तारीख रंगविलेली असते, पण ती नेहमीच खरी असते असे नाही. शिडी चढून आत पाहणारा निरीक्षक आणि खालून तारीख वाचणारा निरीक्षक यांच्या अहवालांत फरक पडतो तो येथे. मग व्हॉल्व्हच्या चौकटी येतात. त्यांत पाणी साचलेले असेल तर ते कोठून आले, हे विचारावे लागते. गटारातून गेलेल्या घरगुती जोडण्या, मुख्य वाहिनीला थेट लावलेले विद्युतपंप आणि वापराच्या पाण्याच्या वाहिनीशी झालेली जोडणी, हे सारे कागदावरील नकाशात दिसत नाही, गल्लीत फिरल्यावरच दिसते.

आणि शेवटी नोंदवही. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कॅनडातील एका लहान गावाचा अनुभव पाहता तोच सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो.

तीन पाहण्या आणि त्यानंतरची साथ

ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन हे सुमारे ४ हजार ८०० वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला आणि शेतातील जनावरांच्या शेणखताचा अंश पाचव्या क्रमांकाच्या उथळ विहिरीत उतरला. त्यातून ई-कोलायचा एक घातक प्रकार नळांत आला. सात जणांचा मृत्यू झाला आणि २ हजार ३०० हून अधिक लोक आजारी पडले. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये दिलेला अहवाल पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात आजही वाचला जातो.

वॉकर्टनमध्ये पाहणी झालीच नव्हती, असे नाही. पर्यावरण खात्याच्या निरीक्षकांनी १९९१, १९९५ आणि १९९८ मध्ये अशी तीन वेळा पाहणी केली होती. ती विहीर उथळ आहे, भोवती शेती आहे आणि पृष्ठभागावरील पाण्याचा तिला सहज संसर्ग होऊ शकतो, ही बाब तीनही वेळा दुर्लक्षित राहिली. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी क्लोरीन मोजल्याविनाच नोंदवहीत आकडे भरीत होते. ते आकडे बहुधा ०.५ किंवा ०.७५ असेच असत. निसर्गात कोणतीही गोष्ट महिनोन् महिने इतकी एकसारखी राहत नाही. विहिरीचे पाणी, हवामान आणि क्लोरीनचा साठा बदलतो, त्याप्रमाणे शिल्लक क्लोरीनही बदलावयास हवे. नोंदवही उलटून पाहणाऱ्याला हा ठोकळेबाजपणा खटकला असता. आयोगाच्या मते पाहणीची यंत्रणा नीट चालली असती तर या गैरप्रथा उघड व्हावयास हव्या होत्या.

आणखी एक दुवा तुटलेला होता. १९९६ मध्ये शासकीय प्रयोगशाळांनी नगरपालिकांच्या पाण्याची नियमित तपासणी बंद केली आणि ते काम खासगी प्रयोगशाळांकडे गेले. दूषित नमुना आढळल्यास तो थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळविण्याचे बंधन त्या प्रयोगशाळांवर घातलेले नव्हते. १७ मे रोजी प्रयोगशाळेने दूषित निष्कर्ष पाणीपुरवठा संस्थेला कळविला आणि संस्थेने तो दडवून ठेवला. पाणी उकळून प्या, ही सूचना आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच्या संशयावरून २१ मे रोजी दिली.

त्यानंतर ऑन्टारिओत पाणीपुरवठ्याचा स्वतंत्र कायदा झाला, दूषित निष्कर्ष तत्काळ आरोग्य यंत्रणेला कळविणे सक्तीचे झाले आणि नगरपालिकांच्या पुरवठा व्यवस्थांची दरवर्षी पाहणी होऊ लागली. पूर्वसूचना न देता होणाऱ्या भेटींचाही त्यात समावेश आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणीपुरवठा कंपन्यांचे खासगीकरण झाल्यावर १९९० मध्येच पेयजल निरीक्षकांचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले होते. तेथेही नमुने कंपन्याच घेतात. मात्र त्यांच्या पद्धतीची तपासणी निरीक्षक करतात आणि पिण्यास अयोग्य पाणी पुरविणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे.

रंगीत कार्डे

स्वच्छता सर्वेक्षणाची कल्पना भारतालाही अपरिचित नाही. महाराष्ट्रात आरोग्य विभागामार्फत ग्रामीण भागातील सार्वजनिक उद्गमांचे असे सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, करण्यात येते. प्रश्नावलीतील गुणांवरून जोखीम काढली जाते. जोखीम सत्तर टक्क्यांहून अधिक असल्यास ग्रामपंचायतीला लाल कार्ड, तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि तीस टक्क्यांहून कमी असल्यास हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड मिळविणाऱ्या आणि साथ न येऊ देणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड देण्यात येते. लांबलचक अहवालापेक्षा एक रंग गावाला लवकर समजतो, हे या योजनेचे बलस्थान होय. लाल कार्ड मिळाल्याची बातमी तालुक्याच्या वृत्तपत्रात येते आणि सरपंचाला ग्रामसभेत उत्तर द्यावे लागते.

गावात रोजची तपासणी जलसुरक्षक करतो. पाण्यात टीसीएल अर्थात विरंजक चूर्ण मिसळल्यावर तो ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे थेंब टाकून पाहतो आणि पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजले जाते. चूर्ण ताजे असताना त्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, पण दमट हवेत उघडे राहिले तर ते उडून जाते. वीस टक्क्यांखाली गेलेले चूर्ण वापरू नये अशा सूचना आहेत आणि चूर्णाचे नमुनेही प्रयोगशाळेत पाठविले जातात. तपासणीच्या दिवशी टीसीएल जरा सढळ हाताने पडते, हे खेड्यात कोणालाही ठाऊक असते. त्या दिवशीचे पाणी पिवळे झाले म्हणून चूर्णाच्या खरेदीची पावती पाहणे सोडून देऊ नये, असे जाणकार सांगतात. वर्षभरात गावाने किती चूर्ण विकत घेतले आणि गावाच्या पाण्याला किती लागावयास हवे होते, हा गुणाकार कोणत्याही चाचणीइतकाच बोलका ठरतो.

ही पद्धत ग्रामीण भागासाठी आहे. शहरांच्या हद्दीवर ती विरळ होते, याचा प्रत्यय जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात आला. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी आणि धायरी या परिसरात गुईलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयित रुग्णांची एकूण संख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला. तो दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो आणि त्याच्या संसर्गानंतर काहींना हा आजार होऊ शकतो. यांपैकी नांदेड आणि किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झाली होती, पण महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्राचे पाणी तेथे पोहोचलेले नव्हते. नांदेड गावातील विहिरीचे पाणी क्लोरीन मिसळून पुरविले जात होते. लोक खासगी शुद्धीकरण यंत्रांवरून जारचे पाणीही आणत. साथीनंतर महापालिकेने त्यांचीही तपासणी केली आणि अनेक केंद्रे बंद केली. गावाचे गावपण संपले, पण शहराचे पाणी आले नाही, असा हा मधला काळ. त्या काळात पाहणीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न साथीनंतर विचारण्यात आला.

नळ वाढले, तपासणीही वाढवावी लागेल

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळजोडणी होती. २०२५ च्या अखेरीस ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली होती आणि योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याची घोषणा करण्यात आली. नळ घरात आला की हंड्याची पायपीट संपते, हा लाभ मोठा आहे. त्याच वेळी एका विहिरीवर अवलंबून असलेली वस्ती एका वाहिनीवर अवलंबून होते आणि उद्गमातील दोष एकाच सकाळी प्रत्येक घरात पोहोचू शकतो.

या योजनेपूर्वीच्या राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमात काय घडले, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे. उद्गमांच्या आणि पुरविल्या जाणाऱ्या पाण्याच्या आवश्यक चाचण्या झाल्या नाहीत, त्यामुळे ग्रामीण वस्त्यांना दूषित पाण्याचा धोका राहिला, असे त्यात म्हटले आहे. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने पाणी गुणवत्ता सनियंत्रणाची मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली. प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यावे आणि प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठी खुल्या कराव्यात, असे त्यात अपेक्षित आहे. जीवाणू तपासणीसाठी वापरली जाणारी काळी पडणारी कुपी हे भारतीय संशोधन आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ती जगापुढे मांडली. कुपीत पाणी भरून ठेवावयाचे, एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर मैलापाण्याचा संपर्क असल्याचे समजावयाचे. वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. ज्या घरातील पाणी काळे पडले त्या घरातील बाईनेच ते पाहिलेले असते, त्यामुळे अहवाल दडविण्याची सोयही राहत नाही.

अर्थात डोळ्यांनी आणि कुपीने सर्व काही कळत नाही. पश्चिम बंगालमध्ये जुलाबाच्या साथी टाळण्यासाठी विहिरी-तळ्यांऐवजी कूपनलिकांचे पाणी वापरण्यास सांगण्यात आले. ते दिसण्यास निर्मळ आणि जीवाणूंच्या दृष्टीने बहुधा निर्दोष होते. कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८२-८३ च्या सुमारास रुग्णांच्या त्वचेवरील डागांवरून त्या पाण्यातील आर्सेनिक ओळखले. तेलंगणातील नलगोंडा आणि महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत फ्लोराइडची समस्या अशीच अदृश्य आहे. तेथे प्रयोगशाळेला पर्याय नाही. प्रचलित मार्गदर्शनानुसार उद्गमाची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जीवाणू तपासणी दोनदा व्हावी, अशी किमान अपेक्षा आहे. रसायने भूगर्भातून येतात आणि सावकाश बदलतात, जीवाणू मात्र एका पावसात येतात. त्यामुळे दोन्हींचे वेळापत्रक वेगळे ठेवण्यात आले आहे.

मानक ब्युरोने २०२० मध्ये नळपाणीपुरवठा सेवेच्या व्यवस्थापनासाठी ‘आयएस १७४८२’ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. उद्गमापासून ग्राहकापर्यंतच्या टप्प्यांचा विचार त्यात आहे, तथापि तेही ऐच्छिक आहे. जुलै २०२१ मध्ये ओडिशातील पुरी शहराने चोवीस तास थेट नळातून पिण्यायोग्य पाणी देण्यास प्रारंभ केला. तेथे वाहिनी सतत दाबाखाली राहत असल्याने बाहेरचे पाणी आत ओढले जाण्याची मुख्य वाटच बंद होते. बचत गटातील ‘जलसाथी’ महिला घरोघरी जाऊन पाण्याची तपासणी करतात. परंतु पुरीचे हे यश राज्य सरकारच्या इच्छेतून आलेले आहे, कोणत्याही निरीक्षकाच्या आदेशातून आलेले नाही. सरकारची इच्छा बदलल्यास ते टिकविण्याचे बंधन कोणावर राहील, याची तरतूद अद्याप नाही.

तूर्त नागरिकांच्या हाती असलेले साधन माहितीचे आहे. ग्रामपंचायतीला मिळालेल्या कार्डाचा रंग, मागील सर्वेक्षणात नोंदविलेले दोष, जलकुंभ धुतल्याची नोंद आणि टीसीएलच्या खरेदीच्या पावत्या या सार्वजनिक नोंदी असून माहितीच्या अधिकारात मागता येतात. ग्रामीण भागात शासकीय प्रयोगशाळेत नाममात्र शुल्क भरून घरच्या पाण्याचा नमुना तपासून घेता येतो. नमुना देताना तो पुरवठा सुरू होतानाच्या पहिल्या पाण्याचा आहे की नंतरच्या, हे बाटलीवर वेळेसह लिहून द्यावे.